न घेतलेलं नाव

नारिन, ४ नोव्हेंबर

बिश्केकहून दिवसभराचा प्रवास करून पोचले. त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सून! घरात शिरले तेव्हा माझ्या नवऱ्याची, मेलिसची, धाकटी बहीण बुरुल बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती. सासऱ्यांनी, म्हणजे अतांनी (इथं वडिलांना अता म्हणतात), स्वतः उठून मला चुलीजवळची उबदार जागा दिली. फार बरं वाटलं.

मेलिसनं मला चष्मा भेट दिला. आहे माझ्या नंबरचाच, पण त्याच्या काचेवर चुलीची आच कळते, माणसांची नावं दिसतात, नको तो पसारा नजरेआड होतो. घरच्या माणसांची नावं मात्र घालणाऱ्यानं आपल्या तोंडानं एकदा सांगायची असतात. मेलिस आणि बुरुल सांगून झालं. अतांचं कसं सांगणार? सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. मी तर कागदावरही लिहीत नाही. बुरुल हसली, "घे गं वहिनी, चष्मा काय चुगली करणारे?" अताही म्हणाले, "घे पोरी, झिजणार नाही ते."

नाही घेतलं.

११ नोव्हेंबर

अंगणातला गंजका ट्रॅक्टर, पोत्यांची रास, चष्म्यातून सगळं गेलं. तिथं आता स्वच्छ बर्फ दिसतो. मन हलकं होतं, हे कबूल करायला हवं. एकच खटकलं. चहा देताना अतांच्या कडा पुसट वाटल्या. वाफ असेल.

१७ नोव्हेंबर

वाफ नव्हती. चष्म्यातून अता दिसतच नाहीत. चहाची वाटी उचलली जाते, रिकामी होऊन खाली येते. चष्मा काढला की दिसतात, धूसर. बिननावाचे म्हणून ते पसाऱ्यात गेले. नाव घेतलं की संपलं. मग मी का घेत नाही? हा आदर, की शिकल्यासवरल्या बाईचा हट्ट? ओठांपर्यंत आलं होतं. जीभ वळली नाही. चष्मा पेटीत टाकला.

२० नोव्हेंबर

चष्मा पेटीतच आहे. तरी अतांच्या जागी नुसती उशी. खोकला तेवढा येतो. बुरुल त्या उशीशी गप्पा मारते. मला म्हणाली, "वहिनी, कान गहाण ठेवलेस का? अता कधीचे हाक मारतायत!"

मी काही ऐकलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर, दुपार

मेलिस आणि बुरुल लग्नाला गेलेत. अता माझ्या भरवशावर.

खोकला थांबलाय. दार सताड उघडं. कोट खुंटीवरच —

बर्फात पाऊल उमटतं. माझ्या डोळ्यांदेखत बुजतं. पुढचं उमटतं, तेही —

चष्मा चढवला. घ्यायचंच ठरवलं. तोंड उघडलं. नाव आठवत नाही.

बुरुलला फोन केला. अतांचं नाव सांग म्हटलं. ती ओरडली, "सांगितलं ना वहिनी! किती वेळा सांगू?" मला मध्ये नुसती शांतता —

अंगणभर हाका मारल्या. अता, अता. चष्म्याला ते पुरत नाही. बर्फ वाढतोय. आता पाऊलही —

जीभ विसरली, हाताला आठवेल. म्हणून वही घेतली. लिहिते. कुणी रागावू नये. अतांचं नाव