सुमनचे स्वरतंतू

३ जुलै
सकाळी पूजा आटोपून स्वयंपाकघरात गेलो आणि गव्हाची कोठी उचलून बघितली. आधी तोंड उघडं ठेवून, श्वास सोडत. जेमतेम हलली. मग दम धरला, तेव्हा उचलली. घशात काहीतरी घट्ट मिटल्याचं जाणवलं. पन्नाशी आली, ओझी उचलतच आलो, कधी लक्ष गेलं नव्हतं.
वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या पोरी बघत होत्या. एक म्हणाली, "काका, नीटची तयारी आम्ही करायलोत आन् घाम तुम्हाला!" पोरींची काकू, सुमन, हसली. आवाजाविना.

५ जुलै
कोठीचं खूळ वाचा-उपचाराच्या मॅडमनी डोक्यात घातलं. सु.च्या गळ्यातली गाठ काढून चार महिने झाले. डावा स्वरतंतू हलत नाही. असं होऊ शकतं, हे डॉ.नी आधीच सांगितलं होतं. उजवा मधोमध येतो, पण डाव्याला टेकत नाही. फटीतून हवा निसटते. आवाज परतायचा तर वर्षभरात परतेल.
मॅडमनी खुर्चीचे हात दाबत ‘आ’ म्हणायला लावलं. जोर लावला की तंतू मिटतात. हलके टेकले की थरथरतात, तो आवाज. दूर राहिले तर नुसता श्वास.

८ जुलै
दिवसभर कान देऊन होतो. सु.चे प, त, स स्वच्छ. ओठ-जीभ शाबूत आहेत ना. ब, द, ग मात्र फिके पडतात, त्यांना गळ्याची थरथर लागते. ह तेवढा न मागता येतो. आपण ‘अंहं’ म्हणताना मधे गळा क्षणभर बंद होतो, ते तिला जमत नाही. मान हलवते.
गावच्या शाळेत बाराखडी घोकली. तिच्यामागे एवढं काम... एवढ्याशा जागेत देवानं काय काय ठेवलंय.

११ जुलै
भिंत ढकलत ‘आ’. सकाळी दहादा, संध्याकाळी दहादा. एक दिवस खाडा नाही. दोन शब्दांत दम संपतो, तरी तिसरा जोडते. मला नसतं जमलं.
त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे मी शेतात राखणीला होतो. पळत आलो तर घर नव्हतं, धूळ होती. तिची हाक आली म्हणून कुठं उकरायचं ते कळलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो आवाज...
पुढे लिहवत नाही.

१५ जुलै
मॅडमनी सु.ला विचारलं, "पाणी पिताना ठसका लागतो का?" मी म्हणालो, "आता कमी आहे." मॅडम म्हणाल्या, "काका, ऑपरेशन तुमचं झालंय का?" सु. इतकी हसली की ठसकाच लागला.
येताना आठवत आलो. दूधवाला, फोन, पोरींचे वडील. खोल्यांचा कारभार पहिल्यापासून सु.चा, पण चार महिने उत्तरं माझी. तिला त्रास नको म्हणून? की तो आवाज लोकांनी ऐकू नये म्हणून? महादेवाला ठाऊक. मलाही.
ठरवलं. तिच्या वाटचं बोलायचं नाही.

१७ जुलै
जमलं नाही. भाजीवालीशी मीच बोललो. सु. पिशवी धरून उभी.

२१ जुलै
नायगावहून एक गृहस्थ मुलीसाठी खोली बघायला आले. सु.ला म्हणाले, "ताई, पोरगी कधी घर सोडून राहिली न्हाई. लई लाजरी हाय. आजारी पडली तर कोण बघंल?"
सु.नं सवयीनं माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी खाली बघत राहिलो.
गृहस्थ माझ्याकडे वळले. "मालक?"

मग सु. बोलली. तीन शब्द, दम. परत तीन शब्द. गृहस्थ पुढे वाकून ऐकत होते. मुलगी सरकून तिच्याजवळ बसली.
कळवतो म्हणून गेले. येतील, न येतील. मी एक शब्द बोललो नाही.