माझ्या मयताला फुलं नकोत, गाद्या आणा

मी, पर्फेक्ता गेल्वेझोन, कै. दियोसदादो गेल्वेझोन यांची विधवा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गाण्याची यंत्रे भाड्याने देणे, राहणार सान रोके, प्रांत इलोइलो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आजवर दडपण टाकायचे काम मीच केले, हे गाव सांगेल. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते. हे शांत डोक्याने करीत आहे, त्यामुळे काहींना जास्त झोंबेल.

कलम पहिले. माझ्या मालकीची गाण्याची तीन यंत्रे आहेत. नाणे टाकले की गाणे लागते, हातात माईक येतो आणि म्हशीच्या गळ्याचा माणूसही स्वतःला गवई समजू लागतो. लग्न असो, मयत असो, निवडणूक असो, सान रोकेत यांच्यावाचून कोणाचे पान हलत नाही. ही यंत्रे कोणाला जातील ते कलम चौथ्यात लिहिले आहे. मधली कलमे गाळून तिकडे पळू नये.

कलम दुसरे. शाळेतील तिसरीची नवी खोली ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन माझ्या माहेरची, माझ्या नावावरची. ती मी शाळेला कायमची देत आहे. मात्र एका अटीवर, आणि ती अट समजायची तर आधी खोली समजली पाहिजे.

ही खोली बांधली माझा भाचा रोदुल्फो गुम्बान याने. तो मला तिया, म्हणजे आत्या, म्हणतो आणि वाडीच्या पंचायतीचा सदस्य आहे. वर उघडा पत्रा, खाली आरशासारखी फरशी, चारी बाजूंना गुळगुळीत भिंती, आणि मागच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत रोदुल्फोचे हसरे तोंड, खाली त्याचे नाव. पोराला लहानपणापासून ही खोड. मोकळी जागा दिसली की तो स्वतःचे नाव लिहितो. बस थांब्यावर त्याचे नाव, कचऱ्याच्या पिंपावर त्याचे नाव. पाणी सोडायच्या टाकीवर इतके मोठे, की नवख्याला वाटावे टाकीचे बारसे झाले.

त्या खोलीत माझी जुनिलिन शिकते. माझ्या बहिणीची नात, वय आठ. तिची आई कुवेतला दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करते, म्हणून पोर माझ्याकडे, आणि मी तिची लोला, म्हणजे आजी. तिला कमी ऐकू येते. दोन्ही कानांत यंत्रे आहेत. जुन्या, बांबूच्या भिंतींच्या शाळेत तिचे बरे चालले होते. नव्या खोलीत गेल्यापासून ती घरी येऊन गप्प बसू लागली. एक दिवस दप्तर पाहते तर कानातली यंत्रे पेन्सिलींच्या डब्यात.

"काय गं, वर्गात गायोसोबाई ओरडतात का?"

"नाही गं लोला. बाईंचा शब्द संपायच्या आत भिंतीवरून परत येतो. त्यात खुर्च्या कर्रकर्र करतात. मग सगळ्याचा लगदा होतो. लगदा ऐकण्यापेक्षा काहीच न ऐकलेलं बरं."

मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले की पोर वार्षिक परीक्षेत उतरली नाही, तर तिला शहरातील वसतिगृहाच्या शाळेत धाडावे लागेल. आई समुद्रापार, आणि आता मीही सुटणार! त्या दिवशी मला भात गिळवला नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारी नुसती भांडायला उठली होती.

रोदुल्फोने यावर उपाय काढला. "ऐकू येत नाही ना, तिया? मग आवाज वाढवू की!" आणि आणला छातीएवढा कर्णा. सगळे पालक माना डोलावत होते, कारण सान रोकेत कोणताही आजार असो, औषध एकच. मी म्हटले, "अरे बाबा, पत्र्याच्या खोलीत आवाज वाढवला की गाणं मोठं होतं, स्पष्ट होत नाही. माझं अख्खं आयुष्य या धंद्यात गेलं." पण माझे ऐकतो कोण! बाईंनी माईकमध्ये "शुभ सकाळ" म्हणताच जुनिलिन कान दाबून बाहेर पेरूच्या झाडाखाली पळाली. बाकीची पोरेही तिच्या मागे गेली, आणि ती काही बहिरी नव्हती.

मग डिसेंबरात वादळ आले. खालच्या आळीतील माणसे शाळेत येऊन राहिली. तिसरीच्या खोलीत सावरीच्या कापसाच्या गाद्या, चटया, भिंतींना टेकवलेली गाठोडी, दोऱ्यांवर वाळत टाकलेले कपडे. पाऊस थांबला तशी गायोसोबाईंनी त्या पसाऱ्यातच पोरांना गोष्ट सांगितली. जुनिलिनने यंत्रे लावली होती. घरी येऊन तिने ती गोष्ट मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली आणि म्हणाली, "लोला, बाई 'स' पण म्हणतात गं! मला आजच कळलं."

मी सर्वांदेखत रडले. मी स्वस्तात रडत नाही.

वादळ गेले, माणसे गाद्या घेऊन घरी गेली आणि खोलीत पुन्हा लगदा. तेव्हा बाई आणि मी कामाला लागलो. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत, त्यावर नारळाच्या काथ्याचा थर. खिडक्यांना जाड पडदे. भिंतींना सावरीच्या कापसाच्या गाद्या, आणि सर्वांत जाड गादी मागच्या भिंतीला, कारण बाईंचा आवाज तिथेच आपटून परत येतो. म्हणजे नेमका रोदुल्फोवर.

"तिया, माझ्या तोंडावर गादी घालणार?"

"तोंड तिथंच राहील रे. फक्त जरा झोपेल."

"मे महिन्यात निवडणूक आहे! ती होऊन जाऊ दे, मग बघू."

परीक्षा मार्चअखेर, आणि हा म्हणतो मे. म्हणून हा कागद.

कलम तिसरे. अट अशी. वरील सर्व काम त्या खोलीत व्हावे आणि टिकावे. खर्च माझ्या सहकारी पतपेढीतील ठेवीतून व्हावा. काम झाले की नाही हे इंजिनिअरने ठरवू नये, पंचायतीने तर मुळीच नाही. गायोसोबाईंनी फळ्यापाशी उभे राहून, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पंखा धरून, नेहमीच्या आवाजात एक वाक्य बोलावे. शेवटच्या बाकावरून जुनिलिनने ते जसेच्या तसे म्हणून दाखवले, की काम पसंत. ती मोठी झाल्यावर कमी ऐकू येणारे जे मूल वर्गात असेल, ते दरवर्षी परीक्षा घेईल.

कलम चौथे. कोणीही, कोणत्याही निवडणुकीच्या निमित्ताने, मागच्या भिंतीवरची गादी काढली, तर माझी तिन्ही यंत्रे रोदुल्फोच्या घराला लागून असलेल्या माझ्या परसात, त्याच्या खिडकीकडे तोंड करून मांडावीत आणि सकाळपासून गावाला फुकट गाऊ द्यावे. गादी जागेवर असेल तोवर यंत्रे गायोसोबाईंच्या ताब्यात राहतील आणि भाडे खोलीच्या डागडुजीला जाईल.

कलम पाचवे. माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या सर्व रबरी चपलांचे तळ कापून वर्गातील खुर्च्यांच्या पायांना चिकटवावेत. दियोसदादो चपला कधी टाकून देत नसे. पलंगाखाली पोतेभर आहेत. तो घरात पाऊल न वाजवता यायचा. मला त्याची फार आठवण येते. खुर्च्यांनी त्याच्याकडून एवढे शिकावे.

कलम सहावे. माझ्या मयताच्या जागरणाला पत्ते खेळा, कॉफी प्या, नेहमीप्रमाणे माझी उणीदुणी काढा. पण फुलांची मोठाली चक्रे आणू नका. त्याऐवजी प्रत्येक घराने सावरीच्या कापसाची एक गादी आणावी, तिच्यावर बसावे आणि जाताना ती शाळेला ठेवून जावे. रोदुल्फो सर्वांत मोठी गादी आणील आणि तिच्यावर नाव घालील, हे मला आत्ताच दिसते आहे. नावाची बाजू भिंतीकडे करावी.

कलम सातवे. माझ्या कानातील सोन्याची फुले जुनिलिनला. यंत्रे लावलेले कान लपवायचे नसतात, सजवायचे असतात. माझे राहते घर रोदुल्फोला. कितीही झाले तरी भावाचा मुलगा आहे, आणि लहानपणी गुणाचा होता. कोणत्याही कारणाने ज्याचा वाटा त्याला देता येणार नाही, तो वाटा तिसरीच्या खोलीला जावा.

पर्फेक्ता गेल्वेझोन
साक्षीदार: १. एलेउतेरियो गायो, कोळी. २. सेवेरिना गेनोवे, परिचारिका. ३. रोदुल्फो गुम्बान, सन्माननीय सदस्य, वाडी पंचायत.

पुरवणी. वरील सह्या आज तिसरीच्या खोलीतच, वकीलसाहेबांसमोर झाल्या. घरातील सगळ्या गाद्या, पडदे आणि गोधड्या मी एका दिवसापुरत्या तिथे टांगल्या होत्या. जाड गादी कुठे होती ते सांगायला नको. पोरगी शेवटच्या बाकावर चित्र रंगवीत होती. तिसरा साक्षीदार म्हणून तोतोंग न्हाव्याला बोलावले होते, पण त्याच्या खुर्चीत कोणी अर्धवट भादरलेला बसला होता. रोदुल्फो गादीकडे रागाने पाहत उभा होता. कागदावर रिकामी ओळ दिसताच म्हणाला, "मी आहे ना, तिया! आणा पेन." वकीलसाहेब तोंड उघडेपर्यंत सही झाली, तिच्याखाली पूर्ण नाव झाले, त्याखाली हुद्दाही. मी छताकडे पाहत होते.

वकीलसाहेब फळ्यापाशी माझ्याकडे वाकले आणि कागदाचा आडोसा करून हलकेच काही बोलले. शेजारी उभ्या रोदुल्फोला ते कळले नाही, तो सहीवर फुंकर घालीत होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"लोला, साक्षीदाराला वाटा मिळत नाही म्हणजे काय गं?"

रोदुल्फोच्या हातून पेन पडले.

"ही पोरगी तर बहिरी होती ना!"

गायोसोबाई म्हणाल्या, "बहिरी तुमची खोली होती."

मी पुन्हा रडले. एका वर्षात दोनदा, म्हणजे फारच झाले. रोदुल्फोने तोतोंगला धरून आणायला माणूस पाठवला आहे, आणि नवा कागद करा म्हणून माझ्या मागे लागला आहे. करीन. मात्र परीक्षेच्या आधी तट्ट्या चढल्या आणि मागच्या भिंतीची गादी त्याने स्वतःच्या हाताने ठोकली, तर. तो आत्ता हातोडा शोधायला गेला आहे.

मरायची मला घाई नाही. हातोडा सापडू दे.

पर्फेक्ता गेल्वेझोन
साक्षीदार: तेच तिघे. तिसऱ्याने या वेळी नुसती आद्याक्षरे घातली.
सान रोके, ९ मार्च २०१८