फक्त वर जाताना बोलणारा लिफ्टमन

४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि. (एक पाय प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा साष्टांगातलं एक अंग वजा धरावं.)

पाय मोडल्याचं आईने कळवलंच असेल. लिफ्टवर प्रबंध लिहिणारी मुलगी जिन्यावरून पडली, म्हणून सगळा विभाग हसतोय. हसू देत.

अडचण वेगळीच आहे. लिफ्ट बटणांवर चालायला लागल्या आणि लिफ्टमन घरी बसले, तेव्हा त्यांना काय वाटलं, हा माझा विषय. तुमच्या शहरात असा एकच जुना लिफ्टमन उरलाय. त्याची मुलाखत महिन्याभरात मिळाली नाही तर माझी मुदत संपते आणि दोन वर्षं पाण्यात जातात. तुम्ही घ्याल का? संमतीपत्रावर सही घ्यायची, विचारायचं आणि रेकॉर्डर चालू ठेवायचा. तिकीट तपासनीस म्हणून तुमचा जन्म अनोळखी माणसांना प्रश्न विचारण्यातच गेलाय.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, पाय बरा होईपर्यंत थोडा जास्त असावा.
तुमची भाची

११ फेब्रुवारी

चि. प्रश्नचिन्हास,
अ. उ. आ.

काम फत्ते. नोकरी होती का, ती गेली का, वाईट वाटलं का, असे तीन प्रश्न विचारले. लिफ्टमन तिन्हींना हो म्हणाला. सव्वा मिनिटात मुलाखत उरकली. हाताशी वेळ होता, म्हणून त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही घेतल्या. एकूण चौतीस झाल्या. दोघे पळाले होते, त्यांना कोपऱ्यावर गाठलं. सगळ्यांच्या सह्या आहेत. आता प्रबंध चांगला जाडजूड कर.

मामीला म्हटलं, या पोरी सोप्या कामाचा उगाच बाऊ करतात. ती काही बोलली नाही. ती मुळात बोलतच नाही.

माया ठेवावी, पायावर भार ठेवू नये.
मामा

१६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या चौतीस मुलाखती माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातलाच नाही.

मामा, ही तपासणी नव्हे हो! हो किंवा नाही म्हणून सुटता येईल असं काही विचारायचंच नाही. त्या दिवसांबद्दल सांगा, एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. समोरचा थांबला तरी गप्पच बसायचं, कारण खरी गोष्ट बरेचदा त्यानंतर येते. मध्येच सल्ला द्यायचा नाही, चूक सुधारायची नाही, घड्याळ बघायचं नाही. सूचनांचा कागद सोबत जोडलाय. वाटल्यास आधी मामीवर सराव करा.

आणि त्या पळालेल्या दोघांची माफी मागा. रागावू नका, लोभ कमी करू नका.
तुमची भाची

२६ फेब्रुवारी

चि. प्रश्नचिन्हास,
अ. उ. आ.

कागदाप्रमाणे गप्प बसलो. लिफ्टमनही गप्प बसला. त्याचा जन्मच दाराकडे बघत, साहेबलोकांचं बोलणं ऐकू न आल्यासारखं दाखवण्यात गेलेला! तीन तास आम्ही तसेच बसलो. कुणीतरी गेलं असावं असं वाटून त्याच्या बायकोने शेजारणीला बोलावून आणलं. तीही येऊन गप्प बसली.

शेवटी त्याला त्याच्या जुन्या इमारतीत नेलं. लिफ्ट हलली आणि गृहस्थ बोलायला लागला. पण फक्त वर जाताना. खाली येणारी माणसं दमलेली असतात, त्यांच्याशी बोलायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. सात मजल्यांत जेमतेम दोन वाक्यं होतात, म्हणून एक्केचाळीस खेपा केल्या. रखवालदाराने दोनदा पोलिसांची धमकी दिली, तिसऱ्यांदा तोच आत शिरला, पुढचं ऐकायला.

अडतिसाव्या खेपेला कळलं की नोकरी गेल्यावर हा माणूस सहा महिने रोज गणवेश घालून त्याच लिफ्टने वर जायचा. एवढ्या दिवसांत कुठला मजला हवा, असं त्याला एकानेही विचारलं नाही. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. कागदावर त्याबद्दल काही नव्हतं, म्हणून ठेवला.

टेप पाठवतोय. मामीवरचा सराव पाच दिवस चालू आहे. घाबरू नकोस.
मामा

५ मार्च

चि. पोरीस,
मामीचे अ. आ.

हे सध्या लिहिण्याच्या मनःस्थितीत नाहीत, म्हणून मी लिहितेय. मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून आधी सही घेतली. लग्नात कुणी घेतली नव्हती. मग म्हणाले, या घराबद्दल सांग. मी म्हटलं, काय सांगायचं? हे गप्प. पोरी, तेहतीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा गप्प बसला! मग मी सांगितलं. आठ दिवस पुरलं.

लग्नाआधी मी शिंप्याच्या दुकानात कोट बेतायचे. मला न विचारता हे परस्पर दुकानात जाऊन, ती उद्यापासून येणार नाही, असं सांगून आले होते. तेही सांगितलं. तेव्हा यांचे ओठ हलले, पण तुझा कागद बघून मिटले. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, मला वाटायचं तू खूश आहेस.

माझी धाकटी बहीण शिवणवर्ग चालवते. तिला बेतायला शिकवणारी हवीय, सहा महिन्यांसाठी. मी होकार कळवलाय. यांना सांगितलं तर उठले, बसले, मग सोबत येऊ का म्हणाले. मी म्हटलं, पहिला महिना नको, पुढचं पुढे बघू.

माझी टेप मॅडमना द्यायची नाही, ती माझ्याबरोबर येतेय. तुझ्या मामांनी माळ्यावरून ट्रंक काढलीय आणि सकाळपासून माझे कपडे भरतायत. घड्या वाकड्या घालतायत. घालू देत, मी मोडणार नाही.

यापुढे पत्र बहिणीच्या पत्त्यावर टाक, आणि मायेत खंड पडू देऊ नकोस.
तुझी मामी