मोठी बोट बघताना

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम
१७ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मदीपा,

सप्रेम जयभीम. चार दिवसांपूर्वी एसटीने मेडशीला आलो. सोयाबीन निघालंय, तूर फुलावर आहे. आजीचे गुडघे दुखतात, पण अंगणात बसून सगळ्या गावाची चौकशी करते. तुझी आई गोव्यातच आहे, तब्येतीने ठीक.

बातमी अशी की आपली बावीस फुटी बोट विकली. नेव्हीतून निवृत्त झाल्यावर हौसेने घेतली होती, पण आत ताठ उभं राहता येत नव्हतं. तुझी आई म्हणायची, "स्वयंपाक करू की नमस्कार घालू?" म्हणून मोठी, वापरलेली शिडाची बोट शोधत होतो. सोबतीला खालिदकाका. तो अनसिंगचा, मी मेडशीचा. दोघं एकाच वर्षी नेव्हीत भरती झालो, आता तो गोव्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.

पहिली पाहिली ती अडतीस फुटी. आत सागवानी फळ्या, दोन खोल्या, गॅसची शेगडी. मी तर मनातल्या मनात सामानही लावून टाकलं. खालिद डेकवर दोरखंड बघत फिरला नि म्हणाला, "उत्कर्ष, हा तं महाल हाय. पन हे शीड वढायले तीन-चार मानसं लागतीन. तुह्यासंग कोन हाय?"

पूर्वी तू असायचीस.

दुसरी कारवारला, एकतीस फुटी, जुनी. गाद्यांना कुबट वास, पितळ काळं पडलेलं. पण खालिदने हातोडीच्या दांड्याने तळ ठोकून ठोकून ऐकला आणि पास केला. या बोटीच्या सगळ्या दोऱ्या मागे, सुकाणूपाशी आणलेल्या आहेत. शीड लहान करायला कुणाला डोलकाठीपाशी जावं लागत नाही. आम्ही ती समुद्रात नेऊन पाहिली. दुपारी वारा वाढला. मी काही बोलायच्या आतच खालिदने बसल्या जागी दोरी ओढली आणि दोन मिनिटांत शीड निम्मं केलं. बोट लगेच शांत झाली.

मी मात्र सुकाणू खालिदच्या हाती दिलं. खालिदने विचारलं, "काय झालं बे?" आणि मी त्याला दोन वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं.

तुला ते सांगायची गरज नाही, पण लिहायला हवं. त्या दिवशी आपल्या बावीस फुटी बोटीवर तू दोनदा म्हणालीस, "बाबा, वारा वाढतोय, शीड कमी करू." मी म्हणालो, आधी समोरच्या टोकापर्यंत जाऊ. मग उशीर झाला, तेव्हा मीच तुला पुढे पाठवलं. तू डोलकाठीपाशी पाठमोरी होतीस. मी हाक न देता सुकाणू फिरवलं. शिडाखालचा आडवा दांडा इकडून तिकडे फिरला आणि तुझ्या खांद्यावर बसला.

हॉस्पिटलात तुझ्या आईने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ती नको तेव्हा उभी राहिली." तू पलंगावरून माझ्याकडे पाहत होतीस. तेवीस वर्षं नेव्हीत काढलेल्या माणसाचा शब्द सगळ्यांनी मानला. तुझा हात अजून डोक्यावर जात नाही, आणि बेफिकीर पोरगी म्हणून नावही तुझंच झालं.

खालिदने बोट किनाऱ्याकडे वळवली. मग म्हणाला, "मले काहून सांगून राह्यला? जिले सांगाचं तिले सांग. आन ज्यायले खोटं सांगतलं त्यायलेबी."

म्हणून मेडशीला आलो. काल आजीला सांगितलं. ती गेल्या सालची तूर निवडत होती, तिचा हात थांबला. "दोन वरसं म्या त्या लेकरालेच बोलली रे! ध्यान कुटी असते तुह्यं, म्हनून. तुले आयकू येत नोयतं का?"

"येत होतं, माय."

"मंग?"

तिने सूप बाजूला सारलं. "चिठ्ठी लिव तिले. फोनवर तू गोष्ट बदलवशीन." जेवायला वाढलं आणि ताटाशेजारी कागद-पेन ठेवला.

तुझ्या आईला मात्र फोनवरच सांगितलं, चिठ्ठीइतका धीर धरवला नाही. तिने सगळं ऐकलं आणि फोन ठेवला. सकाळी तिचा एवढाच निरोप आला: "पोरीला आधी लिहा, मग घरी या."

एकतीस फुटी बोट मी घेतली आहे. डिसेंबरात ती कारवारहून गोव्याला आणायची. सुकाणूवर खालिद राहील, मी त्याच्या हुकमात दोऱ्या ओढणार. अट मीच घातली. कुणाचं तरी ऐकायची सवय मला या वयात लावून घ्यायची आहे.

तू बोटीवर यावंस म्हणून हे लिहीत नाही. माफ कर असंही म्हणत नाही, ते मागायचा हक्क मला नाही. तुझ्या काकांना, आत्याला, ज्यांच्या ज्यांच्यासमोर मी ते खोटं बोललो त्या प्रत्येकाला मी स्वतः सांगणार आहे. तुला कुणाला काही समजावत बसायचं नाही.

तुझी चूक नव्हती, दीपा. हे मी हॉस्पिटलातच म्हणायला हवं होतं.

तू दोनदा सांगूनही ज्याने ऐकलं नाही, तो
तुझा बाबा