छातीवरचे निळे ठिपके

प्रिय चांगुणा,

हल्ली दुपारी मी पडून असते. डोळा लागतो न लागतो तोच पुण्याच्या दवाखान्यातली आपली ती थंडगार खोली येते. वर अवजड यंत्र, सगळे आपल्याला एकटीला टाकून जाड दाराबाहेर पळालेले, आणि आपण आत तरंगतोय. बाहेर आलीस की तू म्हणायचीस, "सुचे, आत चांदणं पडतंय गं, पर चटका मागनं बसतो." विशीतल्या पोरी आपण, दोघींच्या मानेत आणि छातीत त्याच कॅन्सरच्या गाठी.

किरणांनी आपल्याला वाचवलं, वाद नाही. लग्नाच्या बाजारात वाचवलं ते आपल्या आयांनी. माझी आई म्हणाली, "न्युमोनिया सांगायचा. न्युमोनियाला स्थळं येतात." यंत्र नेमकं रोखता यावं म्हणून छातीवर टोचलेले निळे ठिपके माझ्या सासरी तीळ झाले, तुझ्या सासरी, आत्यानं घोडेगावच्या बाजारात हौसेनं काढलेलं गोंदण.

हे इतकं अंगवळणी पडलं की मागच्या महिन्यात चालताना छाती आवळली, डॉक्टरांनी जुना आजार विचारला, आणि मी पाढा म्हटल्यासारखं म्हटलं, "न्युमोनिया." शुगर नाही, बीपी नाही, त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मी भक्तिभावानं चघळल्या. पुढे नगरच्या हृदयाच्या डॉक्टरांना ठिपके दिसले. "छातीला किरणोपचार झालेत का?" नवरा शेजारीच उभा. हो म्हटलं. ज्या जागी किरण दिले तिथल्या रक्तवाहिन्या वीस-पंचवीस वर्षांनीही अरुंद होऊ शकतात म्हणे. पडद्यावर माझं हृदय उन्हाळ्यातल्या सीना नदीसारखं दिसत होतं, मधेच धार तुटलेली. मी गुंगीत तिच्या काठानं चालत होते. आता तिथं स्टेंट आहे. नवरा दोन दिवस रुसला, मग म्हणाला, "सांगितलं असतंस तरी केलं असतं गं, पत्रिका फार छान जुळत होती."

परवा फोनवर तू सहज बोललीस, मळ्यातून चढ चढून आलं की जबड्यात कळ येते, थांबलं की जाते. नवऱ्याला सांग, तपासून घे म्हटलं, तर हसलीस. "पित्त हाय गं. अन् आता त्यांना काय सांगू? आपल्या पोरीचं, संस्कृतीचं लगीन जमत आलंय." तेव्हापासून झोपेत ते जाड दार लागताना दिसतं, आत तू एकटी. फोन तूच उचलतेस आणि तूच हसतेस. म्हणून पत्र लिहिलं, आणि पाकिटावर तुझ्या नवऱ्याचं, गहिनीनाथरावांचं नाव घातलं. तुझ्या आधी त्यांनी वाचलं असेल. सोमवारी सकाळी तुझ्यासाठी त्याच हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मला शिव्या घालायला का होईना, दोघं मिळून नगरला या.

तू ठेवलीस तर तुझीच,
सुचित्रा