पत्र्याच्या शेडभोवती बाग

आई,

मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडभोवती बाग करून घेते आहे. पाडून टाक, असंच सगळ्यांचं म्हणणं होतं. तुझा नातू म्हणाला, त्या जागी गाडी लागेल. मी म्हटलं, गाडी रस्त्यावर भिजली तर तिला सर्दी होत नाही. शिडी, घमेली, गणपतीचं मखर, तुझ्या दोन ट्रंका, हे सगळं ठेवायला शेड हवीच. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती रोज समोर दिसते, चहा गाळताना, भांडी लावताना. तुला जाऊन वीस वर्षं झाली, तेवढी वर्षं मी ती बघते आहे. यंदा ठरवलं, निदान झाडांनी झाकून टाकू.

बाग करायला धायरीची एक मुलगी येते. शेतकी शिकलेली, स्कूटरच्या पुढ्यात रोपं घेऊन येणारी. पहिल्याच दिवशी मी विचारलं, घरची शेती का नाही करत? तर म्हणाली, "कुठली शेती काकू! आमच्या रानात तीन टॉवर उभे हायेत. मग लोकांच्या अंगणात करते." मला ती तिथेच आवडली. तिने शेडभोवती दोरी धरून चुन्याच्या रेघा मारल्या. छपराच्या पागोळ्या पडतात तिथली माती वाहून जाते, म्हणून तिथे खडीचा पट्टा, त्याला शहाबादी तुकड्यांची कड, मग लाल माती आणि शेणखत, मागे सोनटक्का, पुढे अबोली. मी म्हटलं, मधुमालती सरळ पत्र्यावरच चढव, लवकर झाकेल. ती म्हणाली, "नको, एप्रिलमधे पत्रा तापला की वेल करपतो बघा. हातभर सोडून बांबूची ताटी उभी करू. मधनं हवा खेळली पाहिजे." मी हो म्हटलं आणि आत येऊन नळ सोडून उभी राहिले. वेल करपू नये म्हणून हातभर अंतर सोडायचं, हे तिला विशीत कळतं. तू मला महिन्याचे चार दिवस त्याच पत्र्याखाली बसवत होतीस, एप्रिल असो की मे.

आजी होती तोवर मी सगळं तिच्या नावावर टाकत होते. सोवळं तिचं, ओवळं तिचं, तू बिचारी काय करणार. आजी गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि लाज वाटते सांगायला, पण रडता रडता एकीकडे मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पुढच्या महिन्यात माझी पाळी आली आणि तू सतरंजी, तांब्या-भांडं घेऊन मागच्या दारात उभी. तू! शाळेत आठवीच्या मुलांना जास्वंदीचं फूल ब्लेडने उभं चिरून परागकण दाखवणारी विज्ञानाची शिक्षिका. तुझे स्वतःचे दिवस आले की स्वयंपाक कोण करणार, म्हणून नियम आपोआप सैल व्हायचे. माझ्यासाठी कधी झाले नाहीत. एकदा शेडशेजारची अबोली सुकत चालली म्हणून मी माझ्या तांब्यातलं पाणी तिला घातलं, तर तू स्वयंपाकघरातून ओरडलीस, "हात लावू नकोस, मरेल ती!" मग तू शेडमध्ये टेबल-खुर्ची आणून दिलीस. माझ्या आयुष्यातली तुझी सर्वांत मोठी भेट. कुणी आलं की सांगायचीस, "मागे अभ्यासाला बसली आहे, तिथे शांतता असते." गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मान डोलवत होते. बोर्डात चांगले गुण मिळाले तेव्हा तू पेढे वाटताना शेडचंसुद्धा कौतुक केलंस.

आणि मग ती मे महिन्यातली दुपार. मी बारावीची परीक्षा देऊन बसले आहे, दुसरा दिवस आहे, पत्रा कडकड वाजतो आहे. आत कुणीतरी धावतं. कुणीतरी डॉक्टरांना फोन करायला शेजारी जातं. मी दारात उभी राहून विचारते आहे, काय झालं, काय झालं, आणि कुणी माझ्याकडे बघत नाही. बऱ्याच वेळाने मागचं दार उघडतं आणि तू म्हणतेस, "बाबा गेले. तू आत येऊ नकोस. तिथूनच नमस्कार कर." तुझ्यामागे आत्या होती. ती म्हणाली, "अगं वहिनी, अशा वेळी सगळं चालतं. पोरीला बघू दे तोंड." तू म्हणालीस, "नको." आत्या आजीची मुलगी होती, आई. तिला चाललं असतं. तुला चाललं नाही. मी भिंतीला नमस्कार केला. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आले तेव्हा बाबांच्या पलंगावरची गादी उचललेली होती.

तुला एकदाच विचारलं, तू आजारी असताना. मी तुझी वेणी घातली होती, तू स्वयंपाकघरात बसून कोथिंबीर निवडत होतीस. बाबांच्या वेळी मला आत का घेतलं नाहीस? तू काडी मोडलीस आणि म्हणालीस, "तेव्हा तसं होतं." मग म्हणालीस, कोथिंबीर फार जून आणलीस. मी तुला वर्षभर न्हाऊ-माखू घातलं, तुझं सगळं केलं, आणि एक दिवसही तुला माफ केलं नाही. ते तुला कळत होतं की नाही, कोण जाणे. लोक म्हणायचे, मुलगी असावी तर अशी.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच आज सगळं लिहून तुला जाब विचारायला बसले होते. पण काल जे झालं ते गाळून पुढे जाता येत नाही. काल बागेचं काम संपत आलं होतं. बाकी सगळं लावून झालं, एक तुळस तेवढी राहिली होती. त्या मुलीने दाराशेजारच्या उन्हात खड्डा घेतला, रोपाची पिशवी कापली, आणि मी तिला विचारलं, "तुझी पाळी नाही ना गं चालू?" चहात साखर किती, असं विचारावं तितक्या सहज. तिने वर पाहिलं. "हाय की. का हो काकू?" काही नाही, लाव तू, एवढंच म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. मी म्हणाले, "मग राहू दे. तुळस मी लावते." तिने रोप माझ्या हातात दिलं नाही. अशा दिवसांत ठेवायचं असतं तसं ते जमिनीवर ठेवलं, दोन पावलं मागे सरली, आणि मी ते उचललं.