दसऱ्याला घासलेला नंबर

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा पेडण्याला जाऊन हात हलवत परत. हे गेल्यापासून यांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे. ती माझ्या नावावर करायची म्हणून मृत्यूचा दाखला दिला, डॉक्टरचा दाखला दिला, दिरांची ना-हरकत सही तर भांडून आणली. आणि आज ठाण्यातला कारकून बंदुकीच्या नळीवर बोट ठेवून विचारतो, "बाई, नंबर खंय गेलो? लायसनात शेवटी आठ आसा, हंय कायच नाय."

असणार कसा? वीस वर्षं दर दसऱ्याला पूजेआधी मीच ती नळी राख लावून काथ्याने घासली. हे दर वेळी बजावायचे, "नळी घास, पण नंबराक हात लावू नको." मला तो आठ म्हणजे मळच वाटायचा.

"नंबर पुसणा म्हणजे गुन्हो. जेलात जाशात. कोणी पुसल्यान?" मान वर करायचीसुद्धा तसदी नाही मेल्याला. इकडे बंदुकीवाचून रानडुकरांनी भाटातली, घरच्या बागेतली, केळ उपटून टाकली, त्याचं त्याला काय?

मी म्हटलं, "यांनीच."

त्याने लगेच जबानी लिहिली. मी सही ठोकली.

"मग सोपा झाला," तो म्हणाला. "मेलेल्या माणसार केस होणा नाय."

वीस वर्षं हे जो आठ सांभाळायला सांगत होते, तो पुसला मी आणि मारला यांच्या माथी. घरी येईपर्यंत मात्र त्या कारकुनाला शिव्या घालत होते. त्याने तर फक्त विचारलं होतं.